शाळेतील सामायिक साधने : वापर, जपणूक आणि हिशेब

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आज एखादा दूरचित्रवाणी संच, दोन-चार टॅब, एक ध्वनिवर्धक आणि क्वचित एखादा प्रोजेक्टर एवढी सामग्री बहुधा आढळते. तिच्यातील काही लोकवर्गणीतून, काही ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर काही एखाद्या देणगीदाराच्या कृपेने आलेली असते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर गावोगावी शाळा ‘डिजिटल’ करण्याची जी चळवळ पसरली, तिच्यात ग्रामस्थांनी आपल्या ऐपतीकडे न पाहता पैसा दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. साधन येते त्या दिवशी नारळ फुटतो, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. त्यानंतर ते साधन किती तास चालले याची नोंद मात्र फारच थोड्या शाळांत सापडते. संचावर घातलेल्या भरतकामाच्या आच्छादनाची घडीही पुष्कळदा मोडलेली नसते.

हा अनुभव नवा नाही. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी, खेळणी आणि वाद्ये देण्यात आली. ज्या शाळांनी ती मुलांच्या हाती दिली, तेथे ती झिजली, फुटली आणि संपली. ज्यांनी जपली, तेथे ती कपाटात धूळ खात राहिली आणि पुढे निकामी ठरून निर्लेखित झाली. साधन बदलले, कपाट मात्र तेच राहिले.

या कुलपामागे आळस असतो असे समजणे शिक्षकांवर अन्याय करणारे होईल. त्यामागे भीती असते. टॅबची काच फुटली, विजेचा दाब वाढून संच जळला किंवा रात्री कोणी कुलूप तोडून तो नेला, तर त्याची किंमत आपल्याकडून वसूल होईल, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि निवृत्तीपर्यंत तो मागे लागेल, या विवंचनेने मुख्याध्यापक साधन जपतो. ही विवंचना निराधार नाही. परंतु वापराने झालेली मोडतोड डोळ्यांना दिसते, तशी न वापरल्याने झालेली हानी दिसत नाही. ती हिशेब मांडूनच पाहावी लागते.

समजा, शाळेच्या संचाची किंमत २५,००० रुपये आहे आणि तो पाच वर्षे टिकेल असे धरले. म्हणजे वर्षाला त्याचे मोल ५,००० रुपये झाले. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे कामाचे दिवस किमान २०० आहेत. दोन्ही खोल्यांतील मुलांसाठी मिळून संच रोज दोन तास लागला, तर वर्षाचे ४०० तास भरतात आणि तासाला साडेबारा रुपये पडतात. तोच संच राष्ट्रीय सण, पाहुण्यांची भेट आणि शनिवारचे एखादे गाणे यांपुरता वर्षातून ४० तास लागला, तर तासाला १२५ रुपये पडतात. आता असे धरा की रोज वापरणाऱ्या शाळेचा संच तीनच वर्षांत मोडला. त्याने तोवर १,२०० तास काम दिले. तासाचा खर्च एकवीस रुपयांच्या आतच राहिला. वापरून लवकर मोडलेला संच जपून ठेवलेल्या संचापेक्षा सहापट स्वस्त पडला, असा याचा अर्थ आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखवावा. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना तो चटकन समजतो. बैलजोडी दावणीला बांधून ठेवण्यात काय नुकसान असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पैशाच्या हिशेबाहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व अभ्यास भ्रमणध्वनीवर पाठवला जाऊ लागला, तेव्हा खेड्यांतील वस्तुस्थिती उघडी पडली. पुष्कळ घरांत एकच फोन होता आणि तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जात असे. काही घरांत तोही नव्हता. अशा घरांतील मुलांना यंत्र हाताळण्याची संधी मिळण्याचे ठिकाण शाळा हेच असते. तेथेही ते कपाटात राहिले, तर त्या मुलास ते पुढे थेट नोकरीच्या अर्जासमोर बसल्यावरच भेटणार.

एक साधन अनेकांनी मिळून कसे वापरावे, याचा एक उत्तम दाखला मराठी मुलखातच आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावात रेडिओ एकच. त्याभोवती सुमारे वीस जणांचे मंडळ बसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत, प्रश्न काढीत आणि ते केंद्राकडे पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि दोन्ही नसलेली गावे यांची तुलना झाली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली होती. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे पडलेली भर अगदी अल्प होती. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो त्याभोवती बसण्याच्या व्यवस्थेमुळे.

वर्गातील दूरचित्रवाणी संचाला हाच न्याय लागू आहे. अर्धा तास चित्रफीत चालू ठेवून शिक्षकाने त्या वेळात टपालाची कामे उरकली, तर ती चित्रफीत नुसत्या रेडिओच्या गावासारखी होते. पाच-सात मिनिटांचा भाग लावावा, तो लावण्यापूर्वी काय पाहावयाचे आहे हे एका वाक्यात सांगावे, मध्ये एकदा थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे, आणि संपल्यावर मुलांना वहीत दोन ओळी किंवा एक आकृती काढावयास लावावी. एवढ्यास वीस मिनिटे लागतात. बियाण्याला कोंब फुटण्याची चित्रफीत दाखवावयाची असेल, तर चार दिवस आधी मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवली पाहिजे. खरा कोंब हातात असतानाच पडद्यावरचा कोंब मुलाला काही सांगतो.

टॅबची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण ते हाताळावयाचे साधन आहे. चार टॅब आणि चोवीस मुले असे प्रमाण असलेल्या शाळेत पुष्कळदा असे ठरते की आठवड्यातून एक तास ‘टॅबचा’. हा तास बहुधा गोंधळाचा ठरतो आणि मग बंद पडतो. त्याऐवजी दोन टॅब एका खोलीत व दोन दुसऱ्या खोलीत कायम ठेवावेत. तिसरी-चौथीच्या खोलीत प्रत्येक इयत्तेची सहा मुले आहेत असे धरा. तिसरीची सहा मुले तिघातिघांचे दोन गट करून वीस मिनिटे टॅबवर बसतात; तेवढ्या वेळात शिक्षक चौथीस अखंड शिकवतो. मग अदलाबदल होते. बहुवर्ग अध्यापनात एका इयत्तेकडे पाहताना दुसरी मोकळी सुटते, ही द्विशिक्षकी शाळेची जुनीच अडचण आहे. चार टॅबांनी ती पुरती सुटत नाही. पण रोजची चाळीस मिनिटे हाती लागतात. खरे पाहता टॅबचा मोठा लाभ टॅबवर बसलेल्या मुलांपेक्षा त्या वेळी शिक्षकाजवळ बसलेल्या मुलांना होतो.

गट तिघांचाच असावा. चौथ्या मुलाला एवढ्या लहान पडद्यावरचे नीट दिसत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या खोड्या काढतो. तिघांची कामे वाटून द्यावीत : एकाने हाताळावयाचे, दुसऱ्याने प्रश्न मोठ्याने वाचावयाचा, तिसऱ्याने उत्तर आधी वहीत लिहावयाचे. वहीत लिहिल्याखेरीज पडद्यावर बोट लावावयाचे नाही, हा नियम पाळला तर नुसती चाचपडत केलेली उत्तरे थांबतात. कामे रोज बदलावीत. म्हणजे आठवड्याच्या सहा दिवसांत प्रत्येकाच्या हाती यंत्र दोनदा येते. कोणाची पाळी केव्हा, हा तक्ता भिंतीवर नावांनिशी लावलेला असावा. मुलांवर सोपवून दिले तर धीट मुलगाच रोज हाताळतो आणि मुली वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्याच राहतात, असे वारंवार दिसून येते. तक्ता लागला की तक्रार करण्याचे बळ मुलींना आपोआप येते : “गुरुजी, आज माझी पाळी आहे.”

टॅबवर नवा पाठ शिकवू नये; शिकवून झालेल्या भागाचा सराव द्यावा. आवाजाची कामेही टॅबवर नकोत, कारण शेजारी दुसरी इयत्ता शिकत असते. गाणी, गोष्टी, इंग्रजी उच्चार हे सर्व संचावर, दोन्ही खोल्यांच्या मुलांना एकत्र बसवून घ्यावे.

साहित्याची निवड हा स्वतंत्र विषय आहे; येथे त्याचा एकच भाग सांगण्याजोगा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांवरून २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरचे साहित्य मिळते व ते उतरवून घेऊन नंतर जाळ्याविनाही पाहता येते. वस्तीवर जाळे मिळत नसेल, तर जेथे मिळते तेथे जाऊन आठवड्याचे साहित्य उतरवून घ्यावे आणि ते मुलांस दाखवण्यापूर्वी स्वतः पूर्ण पाहावे. मुलांसमोर बसून शोधाशोध करण्यात तासाचा निम्मा भाग जातो, शिवाय नको ते पडद्यावर येण्याचा धोका असतोच.

आता विजेकडे वळले पाहिजे, कारण पुष्कळ शाळांतील साधने वीज नसल्याने बंद पडलेली असतात. ‘टॅबमुळे बिल वाढते’ हा समज मात्र चुकीचा आहे. साधारण टॅबची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. ती पूर्ण भरण्यास वाया जाणारी वीज धरूनही सुमारे २५ वॅट-तास लागतात. म्हणजे दहा टॅब एकदा भरले तरी पाव युनिट होते. ८० वॅटचा संच रोज दोन तास चालला, तर महिन्याच्या २४ दिवसांत चार युनिटेही होत नाहीत. बिल मोठे येते ते स्थिर आकारामुळे, थकबाकीवरील व्याजामुळे किंवा शाळेची जोडणी चुकीच्या वर्गवारीत दाखवल्यामुळे. बिलावर ‘सार्वजनिक सेवा’ अशी वर्गवारी आहे की व्यापारी, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने आजच काढून पाहावे. चूक असल्यास वीज कंपनीच्या उपविभागाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

इन्व्हर्टर असलेल्या शाळांनी आणखी एक हिशेब ध्यानी ठेवावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १,८०० वॅट-तासांचा साठा असतो; बॅटरी टिकावी असे वाटत असेल तर त्यातील निम्माच वापरावा. वाटेतील घट वजा जाता सुमारे ७२० वॅट-तास हाती येतात. त्यावर नुसता संच नऊ तास चालेल. पण ७५ वॅटचे दोन पंखे जोडले की तीनच तास. कार्यालयातील पंखा इन्व्हर्टरवर आणि मुलांचा संच बंद, असे दृश्य दिसू नये.

बॅटऱ्यांचे स्वभाव भिन्न आहेत आणि उन्हाळ्याच्या सुटीत दोन्ही एकाच पद्धतीने ठेवल्याने दरवर्षी पुष्कळ नुकसान होते. टॅबमधील लिथियम बॅटरी निम्मी भरलेली असताना बंद करून ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवली तर ती लवकर खराब होते. उष्णता तिची मोठी वैरी आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाट हे टॅब ठेवण्यास सर्वांत वाईट ठिकाण होय. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी याच्या उलट पूर्ण भरूनच ठेवावयाची असते, आणि सुटीतही महिन्यातून एकदा तरी भरावी लागते; रिकामी पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर जो थर धरतो तो पुढे निघत नाही. तिच्यात उर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी बॅटरी मरते. एखाद्या टॅबची पाठ फुगलेली दिसली तर तो भरण्यास लावू नये, दाबू नये, उघडू नये. मुलांपासून दूर, कोरड्या जागी, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवून जाणकाराकडे द्यावा. हे साहित्य कचऱ्यात टाकणे किंवा जाळणे धोक्याचे आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकाराकडेच गेले पाहिजे. आणि जमिनीत तार पुरून ‘अर्थिंग’ नीट केलेले आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. तेथे काटकसर नको.

याखेरीज एक अडचण अलीकडे फार दिसते. टॅब सुरू करताना शिक्षक आपल्या स्वतःच्या ई-मेलचे खाते त्यात घालतात. पुढे त्यांची बदली होते, नवे शिक्षक सांकेतिक शब्दाअभावी टॅब पूर्ववत करू पाहतात, आणि टॅब जुने खातेच मागत राहतो. चांगले साधन केवळ एका शब्दासाठी अडून पडते. म्हणून शाळेच्या नावाचे स्वतंत्र खाते काढावे, तेच सर्व साधनांत घालावे, आणि खात्याचे नाव व सांकेतिक शब्द बंद पाकिटात, मोहोर करून, मुख्याध्यापकाच्या ताब्यातील दप्तरात ठेवावेत. कार्यभार देताना जडसंग्रह नोंदवहीबरोबर या पाकिटाचाही उल्लेख असावा. मुलांची छायाचित्रे व माहिती या सामायिक साधनांत साठवून ठेवू नये, हेही याच ओघात सांगितलेले बरे.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. समग्र शिक्षा योजना २०२१ मध्ये पुढे चालू ठेवताना संयुक्त शाळा अनुदानाचे जे निकष ठरले, त्यांत ३० पर्यंत पटाच्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये व त्यापुढे १०० पर्यंत पटाच्या शाळेस २५,००० रुपये अशी मर्यादा होती, आणि त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावयाचा होता. लहान शाळेच्या हाती मग ९,००० रुपये उरतात. त्यातच वीज, खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती. रक्कमही पुष्कळदा वर्ष सरत आले असता येते. या तुटपुंजेपणात नवे साधन घेण्याचा मोह टाळणे हेच पहिले शहाणपण होय. चार टॅबांचा पाचवा टॅब करण्याऐवजी असलेल्या चारांना जाड आच्छादने, काचेवरचे संरक्षक पापुद्रे, दोन जास्तीचे चार्जर आणि विजेचा दाब सांभाळणारी एक चांगली पट्टी घ्यावी. टॅबमध्ये सर्वांत आधी बिघडते ती चार्जरची तार व ती जोडण्याचे तोंड. ओढून काढण्याची सवय मुलांना पहिल्या आठवड्यातच मोडून टाकली तर दुरुस्तीचा निम्मा खर्च वाचतो.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यालाही हे सांगण्यास संकोच करू नये. नव्या संचावर नाव कोरून घेण्याची हौस असलेला दाता बॅटरीच्या पाण्याचे व दुरुस्तीचे पैसे सहसा देत नाही. परंतु ‘दुरुस्ती निधी’ असे शीर्षक देऊन त्याचा वर्षअखेरचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवला, तर काही दाते त्यासही तयार होतात. अशी प्रत्येक रक्कम त्याच दिवशी किर्दीला लागली पाहिजे.

राहिली भीती. तिच्यावर उपाय नोंदीचाच आहे. साधन येताच त्याचा अनुक्रमांक, किंमत, हमीची मुदत व कोणाकडून मिळाले हे जडसंग्रह नोंदवहीत यावे. देणगीची वस्तूही याला अपवाद नाही. त्याशिवाय दोनशे पानी साध्या वहीत रोजच्या वापराची एक ओळ असावी : दिनांक, इयत्ता, किती वेळ, देताना व घेताना स्थिती. ही ओळ चौथीच्या मुलानेही लिहिण्यास हरकत नाही, शिक्षकाने खाली सही करावी. काही मोडले तर त्याच दिवशी काय घडले ते लिहून ठेवावे आणि पुढील सभेत व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठराव घ्यावा. चोरी झाल्यास तक्रारीची प्रत जोडावी. वापरात झालेली झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान या दोन भिन्न गोष्टी आहेत; तपासणीस आलेल्यास त्यांतील फरक शिक्षकाच्या शब्दावरून कळत नाही, वहीवरून कळतो. तीन वर्षे रोज वापरल्याच्या नोंदी असलेला फुटका टॅब निर्लेखनासाठी पाठवताना मुख्याध्यापकाची बाजू भक्कम असते. नवा कोरा दिसणारा, परंतु बंद पडलेला टॅब पाठवताना मात्र काय लिहावे हा प्रश्न पडतो.

प्रोजेक्टरसारखे महाग व क्वचित लागणारे साधन प्रत्येक शाळेने घेऊ नये. त्याला अंधारी खोली लागते, धूळ सोसत नाही. केंद्रातील शाळांनी मिळून एकच ठेवावा. तो केंद्रशाळेत असावा आणि मासिक शिक्षण परिषदेत पुढील महिन्याच्या तारखा ठरून फळ्यावर लिहिल्या जाव्यात. ज्या शाळेची पाळी असेल तिने तो स्वतः आणावा व स्वतः पोहोचवावा; निघताना आणि परत देताना दोन्ही मुख्याध्यापकांसमोर तो एकदा सुरू करून पाहावा आणि मगच सह्या व्हाव्यात. वाहतुकीसाठी जुन्या पत्र्याच्या पेटीला आतून गोधडीचे अस्तर लावले तरी पुरते. पावसाळ्यात ओढे उतरून जाव्या लागणाऱ्या वस्त्यांच्या पाळ्या नोव्हेंबर ते मार्च या काळात ठेवाव्यात.